गडग्यावरचं कोलेस्टेरॉल

"काय गं नलू, गोळ्यांतही वशिला चालतो का?"

माईंनी गडग्यावर दोन कागद पसरले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर एक पपनस ठेवलं. एक रिपोर्ट त्यांच्या अप्पांचा, दुसरा आमच्या ह्यांचा, म्हणजे भाऊंचा. तो त्यांच्या हाती कसा लागला हे मी विचारलं नाही. रत्नागिरीतल्या आमच्या आळीत सकाळचा पेपर आणि रक्ताचा रिपोर्ट चार घरं फिरूनच मालकाकडे येतो.

"बघ तूच. डॉक्टर एक, गोळी एक, अटोर्वास्टॅटिन दहा. सुरू पण बरोबरच केली. भाऊंचं वाईट कोलेस्टेरॉल 160 होतं, ते 92 वर आलं. आणि आमच्याकडे? 158 चं 139! अप्पा तुपाला बोट लावत नाहीत. आणि भाऊंना परवाच मी मिरकरवाड्याहून पिशवी घेऊन येताना बघितलं."

"बांगडे होते, माई."

"काही का असेना, कोलेस्टेरॉलच ना ते!"

बांगड्यांची बाजू मांडायचा मोह झाला, पण माईंपुढे मासळीची वकिली करण्यात अर्थ नसतो. मी फार्मसिस्ट. एस.टी. स्टँडाजवळचं दुकान आता मुलगा बघतो, पण आळीच्या लेखी मी अजून काउंटरवरच उभी आहे. म्हणून आधी हिशोब केला. ह्यांचं 42 टक्क्यांनी उतरलं, अप्पांचं 12. या दहाच्या गोळीने साधारण 35 ते 40 टक्के उतरावं, असं पुस्तक म्हणतं. म्हणजे हे पुस्तकापेक्षा थोडे पुढे गेले आणि अप्पा चक्क नापास.

"कंपनीच वाईट असणार," माई म्हणाल्या. "भाऊ तुझ्या दुकानातली घेतात. अप्पा जनऔषधीतून आणतात, स्वस्त मिळते म्हणून."

"औषध तेच असतं, माई. नाव नसतं, म्हणून स्वस्त. मला एवढंच सांगा, अप्पा गोळी घेतात का?"

माईंना राग आला. "मी स्वतः हातावर ठेवते."

"रोज?"

"रोज. म्हणजे उपास सोडून."

आता अप्पांचे उपास आळीला पाठ आहेत. दोन एकादश्या, संकष्टी, शनिवार, आणि श्रावण लागला की सोमवार. रिकाम्या पोटी गोळी उष्ण पडते असं अप्पांचं मत. आणि अप्पांचं मत बदलायला अप्पांचीच परवानगी लागते.

"अहो, ही गोळी उपाशीपोटी चालते, जेवून चालते, सकाळी चालते, रात्री चालते. सिमवास्टॅटिन असती तर रात्रीच घ्या म्हटलं असतं, कारण ती अंगात फार वेळ टिकत नाही आणि लिव्हर कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनवतं. अटोर्वा बराच वेळ टिकते. संकष्टीला चंद्रोदयानंतर मोदकाबरोबर घेतली तरी चालेल."

मनात मात्र मी दुकानातले चेहरे आठवत होते. पहिल्या महिन्यात माणूस चिठ्ठीप्रमाणे पूर्ण गोळ्या नेतो. दुसऱ्या महिन्यात दहाच द्या म्हणतो. तिसऱ्या महिन्यात येतो खोकल्याचं औषध न्यायला, आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीचं विचारलं की म्हणतो, "आता बरं वाटतंय." कोलेस्टेरॉल वाढल्याने काही दुखत नाही, मग उतरल्याने बरं कुठून वाटणार? पण म्हणतात खरं. आणि हे काही कोकणातलंच नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडच्या नोंदी तपासून 2019 साली एक अभ्यास छापून आला. स्टॅटिन, म्हणजे याच जातीच्या गोळ्या, सुरू केलेले 1,65,411 लोक. दोन वर्षांत त्यातल्या निम्म्यांहून अधिकांचं एलडीएल, म्हणजे तेच वाईट कोलेस्टेरॉल, 40 टक्क्यांनीही उतरलं नव्हतं. गोळी लागू न पडणं हे एक कारण झालं. गोळी स्ट्रिपमध्येच राहणं हे दुसरं, आणि माझ्या मते मोठं. संशय मात्र आधी कंपनीवर, मग डॉक्टरवर, आणि स्वतःच्या उपासावर अगदी शेवटी.

"पण तुला खरं सांगू?" माई म्हणाल्या. "उपास एरवी महिन्यातून सात-आठ. बाकीचे दिवस मी समोर उभी राहून देते. पाणी पण मीच देते."

हे मात्र पटलं. माई समोर उभ्या असताना गोळी जिभेखाली लपवणं अप्पांच्या हातून व्हायचं नाही. आणि सात-आठ दिवस चुकून 38 चे 12 होत नाहीत. थोडं घसरेल, एवढं नाही.

"मग माई, अप्पांचं शरीर वेगळं असेल. अमेरिकेत ज्युपिटर नावाचा मोठा प्रयोग झाला, तसा तो बऱ्याच देशांत झाला. रोसुवास्टॅटिन वीस, म्हणजे चांगली जोरदार गोळी. 2008 मध्ये निकाल आला. नंतर कुणीतरी आतले आकडे उकलून बघितले. गोळी दिलेल्यांपैकी 46 टक्के लोकांचं एलडीएल निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं. 43 टक्क्यांचं उतरलं, पण निम्म्यावर नाही. आणि 11 टक्के असे, की ज्यांचं उतरलंच नाही, उलट काहींचं वाढलं."

"गोळी घेऊन वाढलं?"

"त्या 11 टक्क्यांत उपासवाले किती होते ते त्यांनाच ठाऊक. पण सगळेच नसणार."

माईंचा चेहरा जरा निवळला. आपल्या नवऱ्याहूनही नापास माणसं जगात आहेत, याचंही एक समाधान असतं.

"आणि हे नवीन नाही," मी म्हटलं. "ही गोळी जन्माला आली तेव्हाच उंदीर नापास झाला होता."

"उंदीर?"

मग मला अकिरा एन्डोंची गोष्ट सांगावी लागली. मला ती आवडते, त्यामुळे लागली म्हणणंही खोटंच. जपानच्या अकिता भागातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा, टोकियोत सान्क्यो कंपनीत नोकरीला. बुरशी आपल्या संरक्षणासाठी नाना रसायनं बनवते, त्यातलं एखादं कोलेस्टेरॉल तयार होण्याचं काम अडवत असेल, असं त्याच्या डोक्यात होतं. 1971 पासून दोन वर्षं त्यांनी सहा हजारांवर बुरशा तपासल्या. शेवटी हाती लागली ती क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची निळसर-हिरवी बुरशी. तिच्यातून काढलेलं द्रव्य म्हणजे पहिलं स्टॅटिन, 1973 सालचं.

"तांदळावरची बुरशी! आणि मी तांदूळ तीन-तीनदा धुते."

"पुढे ऐका. परीक्षानळीत औषध झकास चाललं. उंदरांना दिलं, तर काही नाही. कोलेस्टेरॉल जागचं हलेना. कंपनीत सगळ्यांचं तोंड उतरलं, काम बंद पडायची वेळ आली. मग एका सहकाऱ्याकडच्या अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना देऊन बघितलं. त्यांचं झरझर उतरलं! नंतर कुत्र्यांचं उतरलं, माकडांचं उतरलं. उंदराचं लिव्हर काय करायचं, गोळीने कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवलं की तेच एन्झाइम पटापट आणखी बनवून मोकळं व्हायचं. गोळी किती पुरी पडणार?"

माई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे भाऊ कोंबडी आणि अप्पा उंदीर."

"असं मी म्हटलं नाही."

"असू दे गं. गणपती आठ दिवसांवर आलेत. उंदीर म्हटलेलं चालेल त्यांना, कोंबडी म्हटलं असतंस तर जेवले नसते."

एन्डो 2024 च्या जूनमध्ये गेले, नव्वदाव्या वर्षी. त्यांनी शोधलेलं ते पहिलं द्रव्य औषध म्हणून बाजारात कधी आलंच नाही. बाजारात पहिली गोळी आणली अमेरिकेतल्या मर्क कंपनीने, 1987 मध्ये, दुसऱ्याच एका बुरशीतून काढलेली. नोबेलही एन्डोंना मिळालं नाही. हे मला आजही खुपतं.

"बरं, पण अप्पांच्या लिव्हरला झालंय काय?"

इथे मी गेटकडे बोट दाखवलं. नगरपरिषदेची घंटागाडी नुकतीच येऊन गेली होती आणि माईंचा डबा बाहेरच होता.

"माई, गोळी रक्तातलं कोलेस्टेरॉल धूत नाही. ती लिव्हरला नवं कोलेस्टेरॉल बनवू देत नाही. लिव्हरला तर ते हवंच असतं, पित्त बनवायला, पेशींना. मग ते काय करतं, रक्तातलं एलडीएल उचलायला जास्त घंटागाड्या रस्त्यावर सोडतं. रिसेप्टर म्हणतात त्यांना. ते शोधले अमेरिकेत डॅलसला ब्राऊन आणि गोल्डस्टाइन या दोघांनी, आणि 1985 चं नोबेल मिळवलं. गाड्या वाढल्या की रस्ता साफ. म्हणजे गोळीचं सगळं यश तुमचं लिव्हर किती गाड्या सोडतं त्यावर."

"आणि अप्पांचं लिव्हर सोडत नाही."

"सोडत असेल कमी. किंवा सोडलेल्या लगेच भंगारात जात असतील. पीसीएसके-9 नावाचं एक प्रथिन असतं, ते या गाड्या मोडून टाकतं. आणि गंमत बघा, गोळी घेतली की लिव्हर गाड्याही वाढवतं आणि हे मोडणारं प्रथिनही वाढवतं. एकाच हुकमावर दोन्ही."

"सरकारी काम."

"म्हणून तर गोळी दुप्पट केली तरी एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्के उतरतं."

माईंचा चेहरा पडला. कारण त्यांचा पुढचा प्रश्न तोच होता, दहाची वीस करून मागू का. कित्येक घरांत हे होतं. रिपोर्ट मनासारखा आला नाही की आपणच दोन गोळ्या घ्यायच्या. दोन घेतल्या की दुप्पट उतरेल हा हिशोब या गोळीला लागू नाही. मोठा उतार पहिल्या डोसात येतो. नंतर डोस वाढवत नेला तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि पदरात थोडं पडेल हे धरून. काही रुग्णांना हार्ट अटॅकनंतर सुरुवातच मोठ्या डोसाने करतात, ती गोष्ट निराळी.

त्या गाड्या मोडणाऱ्या प्रथिनाची एक गोष्ट डॅलसचीच आहे. हेलेन हॉब्स आणि जोनाथन कोहेन या दोघांना अशी माणसं सापडली, की ज्यांचं पीसीएसके-9 जन्मापासूनच लुळं. 2006 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांबद्दल लिहिलं. ज्यांच्यात हा दोष होता त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा 28 टक्के कमी होतं, आणि हृदयविकार 88 टक्के कमी. गोळी न घेता. आज या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं निघाली आहेत, ती त्यातूनच. उलट काही घराण्यांत गाड्याच जन्मतः सदोष असतात. आई-वडिलांपैकी एकाकडून दोष आला, तर एलडीएल तरुणपणापासून खूप वर. अशी माणसं दर अडीचशे-तीनशेंत एक असतात. दोघांकडून आला, तर स्टॅटिनने वाढवायला चालू गाडी जवळजवळ उरतच नाही, गोळी बिचारी करणार काय.

"अप्पांच्या घरात कुणाला चाळिशीत अटॅक?"

"छे. सासरे ब्याण्णवाव्या वर्षी गेले, ते पण पाय घसरून."

मग ते नसावं. मी पपनस उचलून बाजूला ठेवलं आणि रिपोर्टवर पुन्हा नजर टाकली. ट्रायग्लिसराइड फार नव्हती. हे बघावं लागतं, कारण बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. 1972 सालचं फ्रीडवाल्डचं सूत्र. ट्रायग्लिसराइड 400 च्या पुढे गेली की ते सूत्र कोलमडतं, आणि माणूस गोळीला शिव्या देत बसतो. अप्पांचं तसं नव्हतं.

"थायरॉइड बघितलंय कधी त्यांचं?"

"माझं आहे ना थायरॉइड."

"तुमचं आहे म्हणून त्यांचं नसतं असं नाही, माई. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतं, आणि गोळीने अंग दुखायचीही शक्यता वाढते. साधी टीएसएच तपासणी आहे. तेवढी करून घ्या."

माईंनी गॅसच्या कार्डामागे लिहून घेतलं. टीएसएच.

"पण माझा मूळ प्रश्न तसाच राहिला," त्या म्हणाल्या. "आम्ही शाकाहारी. अंडं नाही, मासा नाही, तूप बंद. मग कोलेस्टेरॉल येतं कुठून?"

हा आळीतला सर्वात जुना प्रश्न. आणि मला तो विचारला की मी जरा खुलते.

"आतून येतं, माई. बहुतेक सगळं आपलं शरीरच बनवतं. आणि गंमत म्हणजे लिव्हर पित्तावाटे रोज जवळपास एक ग्रॅम कोलेस्टेरॉल आतड्यात सोडतं. अंडी खाणाऱ्याच्या ताटात असतं त्यापेक्षा हे जास्त. यातलं किती बाहेर जाईल आणि किती आतडं पुन्हा शोषून घेईल, हे माणसागणिक वेगळं. कुणी तिसरा हिस्सा शोषतं, कुणी पाऊण. म्हणजे काही लोक बनवण्यात पुढे, काही शोषण्यात पुढे. गोळी थांबवते ते बनवणं. शोषणाऱ्याला तिचा उपयोग कमी."

"अप्पा शोषणारे!" माईंनी निकाल देऊन टाकला. "मला लग्नाआधी सांगायला हवं होतं कुणीतरी."

निकाल घाईचा होता, पण अगदीच निराधार नव्हता. स्कँडिनेव्हियातला एक प्रसिद्ध प्रयोग आहे, 1994 चा. 4444 हृदयरोगी, निम्म्यांना सिमवास्टॅटिन, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी. पाच-साडेपाच वर्षांत गोळीवाल्यांत मृत्यू 30 टक्क्यांनी कमी. स्टॅटिनवरचा जगाचा अविश्वास तिथे संपला. पण चार वर्षांनी त्यातल्या फिनलंडच्या रुग्णांचं रक्त वेगळं बघितलं तर दिसलं, की जे जास्त शोषणारे होते त्यांचं कोलेस्टेरॉल कमी उतरलं होतं, आणि त्यांना पुन्हा होणारा हृदयाचा त्रासही गोळीने टळला नव्हता. अशांना आतड्यातलं शोषण अडवणारी दुसरी गोळी असते, इझेटिमाइब. स्टॅटिनच्या जोडीला दिली की आणखी वीस टक्क्यांच्या वर उतरतं. सहा टक्के कुठे नि वीस कुठे. एपीओई नावाच्या जीनचा चार नंबरचा प्रकार ज्यांच्यात असतो, ते बहुधा या शोषणाऱ्यांच्या बाजूला झुकतात.

"म्हणजे डॉक्टरांना विचारायचं, जोडगोळी देता का."

"आधी टीएसएच. मग उपासाचं खरं सांगायचं. मग जोडगोळी."

एवढ्यात मास्तर काठी टेकत आले. पलीकडच्या वाडीतले, गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त. गणिताइतकाच जिव्हाळ्याचा दुसरा विषय म्हणजे त्यांच्या मांड्या. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाल्यावर रोसुवास्टॅटिन वीस सुरू झाली, आणि तेव्हापासून मांड्या भरून येतात, जिना चढवत नाही. महिन्याभरापूर्वी त्यांनी गोळी आपल्या मनाने बंद केली.

"त्या गोळ्या विष आहेत," मास्तर गडग्याजवळ येता येता म्हणाले. "मी वाचलंय सगळं."

"माझा अमेरिकेतला मुलगा पण घेतो," माई म्हणाल्या. "एडिसनला असतो ना. त्याला पाचच दिली डॉक्टरने. म्हणाले, तुम्ही इंडियन, तुम्हाला कमी द्यायची."

हे खरं आहे, आणि मास्तरांना ते माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या रोसुवास्टॅटिनच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे, की आशियाई वंशाच्या लोकांत, त्यात भारतीयही आले, तेवढ्याच गोळीने रक्तात औषध जवळपास दुप्पट सापडतं, म्हणून सुरुवात पाचने करा. रक्तात दुप्पट म्हणून एलडीएल दुप्पट उतरतं असं नाही. औषधाचं काम लिव्हरमध्ये शिरल्यावर सुरू होतं. रक्तात रेंगाळलेलं औषध स्नायूंकडे जातं.

"आणि ते लिव्हरमध्ये शिरतं कसं, तेही माणसामाणसांत वेगळं, मास्तर. लिव्हरच्या पेशीवर औषध आत ओढून घेणारं एक प्रथिन असतं. त्याच्या जीनचं नाव एसएलसीओ1बी1."

"हे नाव की गाडीचा नंबर?" माई म्हणाल्या.

"ब्रिटनमध्ये सिमवास्टॅटिन 80 चा प्रयोग झाला. 2008 मध्ये त्यातल्या स्नायूंच्या त्रासाचं कारण या जीनमध्ये सापडलं. ज्यांच्या दोन्ही प्रती सदोष, त्यांच्यातल्या सुमारे 18 टक्क्यांना पाच वर्षांत स्नायूंचा गंभीर त्रास झाला. एक प्रत सदोष, तर 3 टक्के. दोन्ही चांगल्या, तर 0.6. औषध लिव्हरमध्ये कमी शिरणार, म्हणजे गुणही थोडा कमी आणि मांड्यांना ताप जास्त. 2011 मध्ये अमेरिकेने त्या ऐंशीच्या गोळीवर बंधनं घातली. सगळ्या स्टॅटिनांना हा जीन एवढा नडत नाही. सिमवाला सर्वात जास्त."

मास्तरांचे डोळे चमकले. "म्हणजे माझ्यात तो दोष आहे. मी म्हणतच होतो."

"असेल, नसेलही. आता दुसरी गोष्ट ऐका, आणि रागावू नका."

मास्तरांनी काठी गडग्याला टेकवली. रागवायची तयारी झाली.

"लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने 2020 मध्ये छापलं. साठ माणसं घेतली, सगळी अशी की त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेली. प्रत्येकाला बारा डब्या. चार डब्यांत स्टॅटिन, चार डब्यांत तशीच दिसणारी खोटी गोळी, चार रिकाम्या. दर महिन्याला एक डबी, कुठली कधी ते कुणालाच ठाऊक नाही. रोज फोनवर आपला त्रास शून्य ते शंभरात नोंदवायचा. रिकाम्या महिन्यात सरासरी त्रास 8. स्टॅटिनच्या महिन्यात 16. आणि खोट्या गोळीच्या महिन्यात 15."

"शक्य नाही," मास्तर म्हणाले. मग गणिताचे असल्यामुळे मनात वजाबाकी केली असावी. "म्हणजे आठातले सात तर नुसत्या गोळी घेण्यानेच आले."

"साधारण 90 टक्के. आणि ते कळल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी परत सुरू केली."

"म्हणजे माझ्या मांड्या खोटं बोलतात?"

मास्तरांची बाजू मला इथे घ्यावीशी वाटते. दुखणं खोटं नव्हतंच. खोट्या गोळीनेही त्या लोकांना खरोखर त्रास झाला होता. त्रास होणार असं मनाशी धरून गोळी गिळली की अंग तेच शोधत बसतं, आणि साठीनंतर शोधणाऱ्याला काहीतरी दुखताना सापडतंच. आपले डॉक्टर चिठ्ठी लिहिताना हे सांगत नाहीत, आणि मोबाइलवर जे येतं ते नेमकं उलटं येतं. पण मास्तरांसारखा माणूस अँजिओप्लास्टीनंतर गोळी मनाने सोडतो, ते मला सगळ्यात भीतीचं वाटतं. दुखणं दोन्ही मांड्यांत असेल, गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत आलं असेल, तर डॉक्टरांना सांगावं. सीपीके ही स्नायूंसाठीची रक्ततपासणी करता येते, डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं. बेम्पेडोइक ॲसिड नावाचं औषधही आहे, ते स्नायूंत चालूच होत नाही, लिव्हरमध्येच होतं. आणि अंग खूप दुखून लघवी चहाच्या रंगाची झाली, तर मात्र गप्पा न मारता तडक दवाखाना.

मास्तर काही बोलले नाहीत. लघवीचा रंग आठवत असावेत.

माईंनी वातावरण मोकळं करायला पपनस उचललं. "हे घे गं, भाऊंना दे. आपल्याच झाडाचं. यंदा गणपतीला पुरून उरणार."

"अं... माई, ते तुमच्याकडेच राहू दे."

"का? पपनसातही कोलेस्टेरॉल?"

मग कॅनडातले डॉक्टर बेली आले गडग्यावर. 1989 च्या आसपास ते दारू आणि रक्तदाबाची एक गोळी एकत्र घेतल्यावर काय होतं ते तपासत होते. दारूची चव कळू नये म्हणून त्यांनी ती ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळली. रक्तात औषध निघालं अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. दारूचा दोष नव्हता, रसाचा होता. आतड्यात औषध मोडणारं एक एन्झाइम असतं, ते या रसाने लुळं पडतं, आणि औषध पूर्ण ताकदीने रक्तात जातं. सिमवास्टॅटिन, लोवास्टॅटिन यांना हे फार लागू पडतं, अटोर्वाला थोडं कमी, रोसुवाला नाही. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि संत्र्याचा संकर. मूळ दोषी आपल्याच झाडावर. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिकही असंच औषध वाढवतं. टीबीची रिफॅम्पिसिन उलट करते, ती औषध लवकर संपवते.

माईंच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. ती चमक मला ओळखीची आहे.

"म्हणजे अप्पांना रोज एक पपनस दिलं, तर तीच दहाची गोळी जोरात लागेल!"

"माई, नाही!"

"का नाही? फुकटचं आहे."

"एका पपनसात ते द्रव्य किती आणि दुसऱ्यात किती, कोण मोजणार? आज गोळी दुप्पट, उद्या तेवढीच. चार फोडी प्रसादाच्या खाल्ल्या तर काही होत नाही. रोज पेलाभर रस काढून नका देऊ."

माईंनी पपनस परत ठेवलं, पण मन वळलं असं मला वाटलं नाही. म्हणून संध्याकाळी मी अप्पांनाच फोन करून सांगितलं, कारण उपास आणि औषध या बाबतीत माईंपेक्षा अप्पा जास्त हट्टी असले, तरी पपनसाचा त्यांना मनापासून कंटाळा आहे.

गणपती झाल्यावर सगळी मंडळी डॉक्टरांकडे जाऊन आली. अप्पांनी उपासाचं कबूल केलं म्हणे, माई शेजारी बसल्या होत्या म्हणून. टीएसएच आणि लायपोप्रोटीन-ए अशा दोन तपासण्या लिहून दिल्या. हे दुसरं जनुकांतून येतं, स्टॅटिनने उतरत नाही, आणि एलडीएलच्या आकड्यात मात्र मिसळून येतं. आपल्याकडे ते बऱ्याच जणांत वाढलेलं असतं आणि फारसं कुणी तपासत नाही. गोळी तीच, रोज, आणि जोडीला इझेटिमाइब. पुढचा रिपोर्ट दोन महिन्यांनी.

मास्तरांची गोळी बदलली नाही, डोस बदलला. रोसुवास्टॅटिन पाच, एक दिवसाआड. तीही बराच वेळ टिकते, म्हणून चालतं. दिवाळीच्या आधी ते गडग्याशी थांबले तेव्हा माईंनी लगेच विचारलं, मांड्या कशा आहेत.

"सुधारणा आहे," मास्तर म्हणाले. "पण एक कळत नाही. गोळी घेतो त्या दिवशी दुखतात, आणि नाही घेत त्या दिवशीही दुखतात."

"मग नाही घेत त्या दिवसाचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?" माई म्हणाल्या.

मास्तरांनी बराच विचार केला आणि म्हणाले, तो जिना फार उंच आहे.